वाटीभर चिवडा आणि दुसरी सकाळ

हिवाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे आठ वाजलेले असतात. तिकडे पहिला चहा झालेला असतो, भाऊ-बहीण, विहिणी, जुने शेजारी सगळे फोनवर सापडतात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा असोत, की चाळीस वर्षांपूर्वी इथे येऊन आता निवृत्त झालेली मंडळी असोत, बोलण्याची वेळ हीच. त्यात भारतात कसोटी सामना असला, तर पहिला चेंडूच रात्री अकराला पडतो. घरातले तरुण उद्याच्या कामासाठी झोपून गेलेले असतात. हातात फोन, समोर टीव्ही आणि शेजारी वाटी. वाटीत चिवडा, खारे दाणे, शेव, नाहीतर एडिसनच्या ओक ट्री रोडवरून आणलेली बाकरवडी. आठला पोटभर जेवण झालेलं असतं. भूक अशी नसते, पण तोंड चालू असतं.

सकाळी पोट जड वाटतं, तोंडाला आंबट चव असते, झोप झाल्यासारखी वाटत नाही आणि उपाशीपोटी शुगर वाढलेली दिसते. मग चौकशी सुरू होते ती ‘काय खाल्लं’ याची. भात किती, गोड किती, बटाटा का खाल्ला? ‘कधी खाल्लं’ हे फारसं कोणी विचारत नाही. गेल्या पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतून जे पुढे आलं आहे ते पाहता, हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि साठी-सत्तरीनंतर तर जास्तच.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला २०२० सालचा प्रयोग फार साधा होता. वीस निरोगी तरुण-तरुणींना एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला जेवू घातलं. जेवण तेच, झोपायची वेळही तीच, रात्री अकरा. रात्रभर ठरावीक अंतराने रक्त तपासलं. दहाच्या जेवणानंतर साखरेची उसळी सरासरी १८ टक्क्यांनी जास्त होती आणि रात्रभरात जाळलेली चरबी सुमारे १० टक्क्यांनी कमी. त्याच अन्नाचा, त्याच माणसाच्या शरीरात, चार तासांनी एवढा वेगळा परिणाम. या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र पुढे आहे. उशिराच्या जेवणाचा त्रास सगळ्यांना सारखा झाला नाही. ज्यांना एरवी लवकर झोपायची सवय होती, त्यांना तो अधिक झाला.

स्वयंसेवक तरुण होते हे खरं, पण लवकर झोपणारे आपल्या घरात कोण असतात? वय वाढतं तसं शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. नऊ-साडेनऊला डोळे मिटू लागतात आणि पहाटे चारला जाग येते. झोपेआधी साधारण दोन तास मेंदूतून मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरू लागतं, आणि ते फक्त झोपेचा निरोप देत नाही. स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवरही त्याचे ग्राही (रिसेप्टर) असतात. मेलाटोनिन चढलं की त्या पेशींचं काम मंदावतं. स्पेनमधल्या ८४५ जणांवर, बॉस्टनच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या २०२२ च्या अभ्यासात ग्लुकोजचं पाणी एकदा झोपण्याच्या चार तास आधी दिलं आणि एकदा तासभर आधी. तासभर आधी घेतलं तेव्हा रक्तात मेलाटोनिन साडेतीन पट होतं, इन्शुलिन कमी स्रवलं आणि साखर जास्त चढली. म्हणून भिंतीवरच्या घड्याळापेक्षा स्वतःच्या झोपेपासूनचं अंतर मोजायला हवं. तिशीतल्या मुलाने रात्री नऊला खाल्लं तर त्याच्या शरीराची ती संध्याकाळ असते. सत्तरीच्या आईची तेव्हा रात्र सुरू झालेली असते.

आपल्या लोकांना हे अधिक मनावर घ्यायला हवं. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात २०१० साली सुरू झालेल्या ‘मसाला’ या अभ्यासात दक्षिण आशियाई वंशाचे, चाळीस ते चौऱ्याऐंशी वयाचे ९०६ जण निवडले गेले. वय जमेस धरून त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण २३ टक्के निघालं. तुलनेतल्या गोऱ्या अमेरिकनांत ते ६ टक्के होतं. यामागचं एक कारण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वी दाखवून दिलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘बाबा तर बारीक आहेत, त्यांना काय होतंय’ हे वाक्य आपल्या घरांत म्हणूनच धोक्याचं आहे.

रक्त तपासायच्या दिवशी तर या वाटीमुळे सरळ घोटाळा होतो. उपाशीपोटी शुगर म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. रात्री साडेअकराला चिवडा खाऊन सकाळी सातला लॅबमध्ये हात पुढे केला, तर साडेसातच तास होतात. १०० ते १२५ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा आकडा आणि १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं मोजमाप आहे. इतक्या जवळच्या आकड्यांत तो अर्धा तास आणि ती वाटी दोन्ही बोलतात. रात्री ‘जेवलो नाही, जरा तोंडात टाकलं’ याला आपण खाणं म्हणत नाही. शरीर तसा भेद करत नाही.

आता वाटीतच डोकावू. तळलेले किंवा तेलावर परतलेले पोहे, दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, वर पिठीसाखर आणि मीठ. तेल जास्त म्हणून पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात माणूस आडवा होतो. झोपेत लाळ जवळजवळ आटते, गिळणं फार कमी होतं, त्यामुळे वर आलेलं आम्ल अन्ननलिकेतून लवकर पुन्हा खाली ढकललं जात नाही. म्हातारपणी यात एक फसवी गोष्ट असते. छातीत जळजळ कमी जाणवते, पण आतली इजा जास्त असू शकते. ‘मला ॲसिडिटी नाही’ म्हणणाऱ्या आजोबांचा पहाटेचा खोकला किंवा बसलेला आवाज तिथूनही आलेला असू शकतो. डॉक्टर झोपण्याआधी दोन-तीन तास खाऊ नका आणि डाव्या कुशीवर झोपा असं सांगतात, ते यासाठीच.

मिठाचं वेगळंच. जपानमध्ये नागासाकीच्या डॉक्टरांनी रात्री वारंवार लघवीला उठणाऱ्यांना मीठ कमी करायला लावलं. ज्यांचं रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलं, त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. रात्रीचं एक उठणं वाचणं ही म्हाताऱ्या माणसासाठी मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत पासष्टीपुढच्या चौघांपैकी एकाहून अधिक जण दरवर्षी कुठे ना कुठे पडतात. अंधारात, अनोळखी घरात, गालिचा आणि जिना यांच्यामधून बाथरूम शोधताना काय होऊ शकतं, हे खुब्याच्या ऑपरेशनला सामोरी गेलेली कुटुंबं जाणतात.

रात्रीचं हे खाणं मनोनिग्रहाने थांबत नाही, कारण भुकेचंही घड्याळ असतं. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात फ्रँक शीअर यांच्या गटाने दाखवलं की शरीराच्या अंतर्गत घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते, आणि ओढ गोड-खारट-पिष्टमय पदार्थांकडे असते. याच गटाच्या २०२२ च्या प्रयोगात सगळी जेवणं चार तास पुढे ढकलली, तर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन जागेपणी १६ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे रात्री खाल्ल्याने दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि ती पुन्हा रात्रीकडे नेते.

माझ्या मते दुरुस्ती वाटीपासून नाही, जेवणापासून करायला हवी. अमेरिकन शेजारी साडेपाच-सहाला जेवतात याचं आपल्या मंडळींना नवल वाटतं. उतारवयात त्यांचंच बरोबर आहे. मुलगा-सून साडेसातला घरी येणार, मग आठला एकत्र पान मांडायचं, ही माया मी समजू शकतो. पण आई-बाबांनी साडेसहाला वरण-भात-भाजी खाऊन घ्यावी आणि आठला मुलांबरोबर नुसतं बसावं, यात मायेला काही उणं येत नाही. आणि जेवणानंतर शतपावली. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोरेटा डीपिएट्रो यांनी २०१३ साली साठीपुढच्या दहा जणांवर हे मोजून पाहिलं. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवढी आटोक्यात आली, तेवढी सकाळी किंवा दुपारी सलग पाऊण तास चालूनही आली नाही. बाहेर बर्फ असेल तर घरातल्या घरात, तळघराच्या हॉलमध्ये चालावं.

रात्रीचं सगळंच खाणं वाईट, असंही नाही. नेदरलँड्सच्या मास्त्रिख्तमध्ये सत्तरीच्या आसपासच्या निरोगी पुरुषांना झोपण्यापूर्वी दुधातलं ४० ग्रॅम केसीन दिलं, तर रात्रभरात स्नायूंची बांधणी वाढली. ज्यांचं दिवसाचं जेवणच चिमणीएवढं झालं आहे, त्यांचं रात्रीचं दूध तोडण्यात शहाणपण नाही. आणि जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांनी तर हा लेख वाचून रात्रीचा घास मनाने बंद करू नये. त्यांच्या साखरेला पहाटे खाली घसरण्याची भीती असते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर आधी साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. गोळीची मात्रा आणि जेवणाची वेळ, दोन्ही एकदमच बदलाव्या लागतात. ते डॉक्टरांशी बोलून करायचं, आणि भारतातून आणलेल्या गोळ्यांच्या पिशवीसकट बोलायचं.