इंडियन कॉफी हाउस (कॉलेज स्ट्रीट)

इंडियन कॉफी हाउस हे पश्चिम बंगालमधील कोलकाता शहराच्या कॉलेज स्ट्रीट परिसरातील प्रसिद्ध कॉफीगृह आहे. बंकिम चॅटर्जी रस्त्यावर, प्रेसिडेन्सी विद्यापीठाजवळच्या ‘अल्बर्ट हॉल’ या जुन्या इमारतीत ते चालते. कॉलेज स्ट्रीट हा शहरातील पुस्तकांचा मोठा बाजार असून बंगालीत त्याला ‘बोई पाडा’, म्हणजे पुस्तकांची वस्ती, असे म्हणतात. विद्यार्थी, प्राध्यापक, कवी, संपादक आणि राजकीय कार्यकर्ते यांचे भेटण्याचे ठिकाण म्हणून हे कॉफीगृह ओळखले जाते.

इतिहास

अल्बर्ट हॉलची स्थापना १८७६ मध्ये झाली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘इंडियन असोसिएशन’ची स्थापना त्याच वर्षी जुलैमध्ये येथे झाली. १८८३ मधील भारतीय राष्ट्रीय परिषदही येथेच भरली होती. त्यामुळे कॉफी येण्यापूर्वीपासूनच ही जागा सार्वजनिक चर्चेची होती.

भारतात कॉफीचा खप वाढावा म्हणून बागायतदारांच्या हितासाठी नेमलेल्या समितीने १९३० च्या दशकात कॉफीगृहे उघडण्यास सुरुवात केली. या साखळीतील पहिले कॉफीगृह १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे सुरू झाल्याचे मानले जाते. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ तुटल्याने देशांतर्गत खपाला अधिक महत्त्व आले. अल्बर्ट हॉलमधील कॉफीगृह १९४० च्या दशकात कॉफी बोर्डाने सुरू केले.

सहकारी व्यवस्थापन

१९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्याचे ठरवले व अनेक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने या कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या व कॉफीगृहे स्वतः चालवण्यास घेतली. यांतील पहिली संस्था १९५७ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. कॉलेज स्ट्रीटचे कॉफीगृह १९५८ मध्ये बंद पडले. परंतु परिसरातील प्राध्यापकांनी सरकारकडे केलेल्या मागणीनंतर ते त्याच वर्षी पुन्हा सुरू झाले. आज ते कामगारांच्या सहकारी संस्थेमार्फत चालवले जाते.

वास्तू आणि वातावरण

कॉफीगृहाचे मुख्य दालन अतिशय उंच छताचे असून वरच्या बाजूस सज्जा आहे. छतापासून लांब दांड्यांचे पंखे लोंबतात. भिंतीवर रवींद्रनाथ ठाकूर यांचे मोठे चित्र आहे. पांढरा गणवेश, कमरपट्टा आणि पंख्यासारखा तुरा असलेला फेटा ही येथील वेटरांची ओळख आहे. दूध न घातलेल्या काळ्या कॉफीला येथे ‘इन्फ्युजन’ म्हणतात. कटलेट आणि अंड्याच्या जाळीदार आवरणात तळलेली ‘कबिराजी’ हे पदार्थ लोकप्रिय आहेत. दालनात संगीत नसते. अनेक टेबलांवर एकाच वेळी चालणाऱ्या बोलण्याचा गलबला मात्र सतत ऐकू येतो.

अड्डा

मराठीत ‘अड्डा’ या शब्दाला बहुधा वाईट छटा असते. बंगालीत मात्र त्याचा अर्थ ठरावीक विषय वा हेतू नसलेली, रंगत जाणारी गप्पांची बैठक असा होतो. एका कपावर तासन्तास बसणाऱ्या गिऱ्हाइकाला उठवायचे नाही, हा येथील अलिखित संकेत अशा बैठकींना पोषक ठरला. खिशात फारसे पैसे नसलेल्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे नामवंत लेखकाच्या शेजारच्या टेबलावर बसता येई. ‘कृत्तिबास’ या कवितेच्या नियतकालिकाशी संबंधित सुनील गंगोपाध्याय, शक्ती चट्टोपाध्याय आदी कवींचे येथे येणे-जाणे होते. कोलकात्यातील वास्तव्यात अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग यांचीही या कवींशी मैत्री झाली.

हाच संकेत व्यवसायाच्या दृष्टीने अडचणीचा आहे. टेबल फार वेळ अडले की विक्री घटते आणि दर वाढवले तर विद्यार्थी दुरावतात. कामगारांचे वेतन आणि जुन्या वास्तूची देखभाल यांचा खर्च भागवून कॉफी परवडणारी ठेवणे, ही अशा सहकारी कॉफीगृहापुढील कायमची कसरत आहे.

लोकप्रिय संस्कृतीत

मन्ना डे यांनी गायलेले ‘कॉफी हाउसेर सेई अड्डाटा’ हे बंगाली गीत १९८० च्या दशकात अत्यंत लोकप्रिय झाले. गौरीप्रसन्न मजुमदार यांनी लिहिलेल्या या गीतात पांगलेल्या मित्रमंडळींची आठवण आहे.