ज्योचा राग

अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या कॉन्कॉर्ड गावात ऑर्चर्ड हाऊस नावाचं एक जुनं घर जपून ठेवलं आहे. त्यातल्या एका खोलीत दोन खिडक्यांच्या मध्ये, भिंतीलाच बसवलेली एक अर्धगोल फळी आहे. वडिलांनी लेकीला लिहायला करून दिलेली. १८६८ मध्ये लुइझा मे अल्कॉट याच फळीवर वाकून लिहीत होती आणि अडीच महिन्यांच्या आत तिने 'लिटल विमेन'चा पहिला भाग हातावेगळा केला. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना हीच कादंबरी शान्ता शेळके यांच्या 'चौघीजणी'मुळे भेटली.

नवल असं की हे पुस्तक लुइझाला लिहायचंच नव्हतं! थॉमस नाइल्स या प्रकाशकांना मुलींसाठी कथा हवी होती. आपल्याला मुली फारशा आवडत नाहीत आणि स्वतःच्या बहिणींपलीकडे आपण मुलींना ओळखतही नाही, असं तिने डायरीत लिहून ठेवलं. पहिली प्रकरणं नाइल्सना नीरस वाटली आणि तिलाही तसंच वाटलं. मुलींनी मात्र ती वाचली आणि त्यांना ती फार आवडली. पहिल्या आवृत्तीच्या दोन हजार प्रती बघता बघता संपल्या. दीडशे वर्षं उलटून गेली, तरी ही कादंबरी वाचली जाते आहे.

असं काय आहे तिच्यात? गोष्ट म्हणाल तर साधीच. वडील अमेरिकेतल्या यादवी युद्धावर गेलेले, घरात पैशांची ओढाताण, आई आणि मेग, ज्यो, बेथ, एमी या चार मुली. पण आठव्या प्रकरणापाशी थांबून पाहा. ज्यो आणि मेग नाटकाला जातात, एमीला नेत नाहीत. चिडलेली एमी ज्योच्या कथांची वही चुलीत टाकते. कित्येक वर्षांची मेहनत, दुसरी प्रत नाही. ज्यो तिला क्षमा करत नाही. दुसऱ्या दिवशी नदीच्या गोठलेल्या पाण्यावर एमी मागे मागे येते. पुढे बर्फ पातळ आहे हे ज्योला कळलेलं असतं, तरी ती धाकटीला सावध करत नाही. बर्फ फुटतो. एमी वाचते. पण ज्योला स्वतःचीच भीती वाटते.

त्या रात्री ती आईपाशी रडते, तेव्हा आई तिला उपदेशाचे डोस पाजत नाही. मलाही जवळजवळ रोज राग येतो, चाळीस वर्षं मी त्याच्याशी झगडते आहे, असं ती लेकीला सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या मुलींच्या पुस्तकात, सगळ्यांनी आदर्श मानलेली आई हे बोलते! माझ्या मते या कादंबरीचा जीव इथे आहे. मुलींच्या रागाला लुइझा दुर्गुण म्हणून झटकून टाकत नाही, तो किती खोल असतो ते ती दाखवते.

तेच मुलींच्या स्वप्नांचं. मेगला थाटाचं घर हवं, ज्योला लेखक म्हणून नाव, एमीला रोमला जाऊन चित्रकार व्हायचंय, बेथला आईवडिलांजवळ राहायचंय, बस्स. लेखिका यातल्या एकाही इच्छेला हसत नाही. म्हणूनच वाचणाऱ्या प्रत्येकीला 'मी यातली कोण?' असं विचारावंसं वाटतं. फ्रेंच लेखिका सीमोन द बोव्हारला लहानपणी आपण ज्योच आहोत असं वाटायचं.

या मुली लुइझाच्या घरातूनच आल्या. थोरली ॲना झाली मेग, धाकटी मे झाली एमी. खरी मेसुद्धा चित्रकार होती, १८७७ मध्ये तिचं चित्र पॅरिसच्या 'सलों' या चित्रप्रदर्शनात लागलं. कादंबरीत वडील युद्धावर जातात. प्रत्यक्षात गेली ती लुइझा, जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला वॉशिंग्टनच्या इस्पितळात. तिथे टायफॉइडने तिला गाठलं आणि तिची प्रकृती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. बेथ म्हणजे एलिझाबेथ. अल्कॉट कुटुंब ऑर्चर्ड हाऊसमध्ये राहायला आलं त्याच्या थोडंच आधी, १८५८ च्या मार्चमध्ये, ती गेली. खऱ्या बेथला त्या घरात राहायला मिळालंच नाही. दहा वर्षांनी त्याच घरात बसून बहिणीने तिला तिथे नांदवलं.

मग वाचकांची पत्रं येऊ लागली: ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशी लावा. लुइझा बधली नाही. कुणाला खूश करण्यासाठी मी हे करणार नाही, असा तिचा हट्ट होता. ज्योने अविवाहित राहून लिहीत राहावं हे तिच्या मनात होतं. १८६९ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तिने मध्यम मार्ग काढला आणि ज्योला जोडीदार दिला तो एक प्रौढ, गरीब जर्मन प्राध्यापक. वाचक आजही यावरून भांडतात. ग्रेटा गर्विगच्या याच कादंबरीवरच्या २०१९ च्या चित्रपटाचा शेवट तर याच तडजोडीवर उभा आहे.

लुइझाने स्वतः लग्न केलं नाही. कादंबरीचे हक्क तिने एकरकमी विकून टाकले नाहीत, स्वतःकडे ठेवले. त्या पैशांवर घराचं कर्ज फिटलं आणि आईवडिलांना स्वास्थ्य मिळालं. बाराव्या-तेराव्या वर्षी हे पुस्तक वाचून बाजूला ठेवलं असेल, तर आता पुन्हा काढा. तेव्हा तुम्ही ज्योच्या बाजूने वाचलं असेल. या वेळी ते आठवं प्रकरण आईच्या बाजूने वाचा.