शेजारधर्म आणि हायड्रोजनची वाट

विहिरीवांचून मळा नाहीं, आणि मळ्याच्या उत्पन्नावांचून विहिरीस पैसा नाहीं, हा पेंच वाचकांस ठाऊक आहेच. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींचेंहि तसेंच आहे. भरणकेंद्र नाहीं तर गाडी कोण घेणार, आणि गाड्या नाहींत तर केंद्र कोण काढणार? नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क यांनीं हा पेंच शेजारधर्मानें सोडवूं पाहिला. तो वृत्तांत आम्ही येथें देत आहों.

हा वायु विजेच्या साह्यानें पाण्यांतून काढितां येतो. गाडींत त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन वीज मिळते व मागें केवळ पाणी उरतें. मात्र मोटारींत तो हवेच्या सुमारें ७०० पट दाबानें भरावा लागत असल्यानें केंद्रास खर्च फार.

सन २००६ मध्यें तिन्ही देशांतील संस्थांनीं हायड्रोजन महामार्गासाठीं भागीदारी केली. २००९ सालीं ओस्लो ते स्टाव्हांगर हा मार्ग खुला झाला. २०१२ सालीं कोपनहेगन येथें टोयोटा, निसान, होंडा व ह्युंदाई यांनीं नॉर्डिक संस्थांशीं सामंजस्याचा करार केला.

पुढें १० जून २०१९ रोजीं ओस्लोजवळ सांडविका येथील केंद्रांत स्फोट झाला. टाकीच्या एका झांकणाचे बोल्ट पुरते आवळलेले नव्हते. गाड्याहि थोड्याच राहिल्या, आणि २०२३ सालीं डेन्मार्कांत केंद्रें बंद करण्याची पाळी आली.

दप्तरांत आयुष्य घालविल्यावर आम्हांस एवढें कळतें कीं, बंधारा बांधण्यास सारा गांव जमतो, गाळ काढण्यास कोणी येत नाहीं. म्हणून सहकार्याच्या कागदांत उभारणीच्या खर्चाआधीं देखरेख कोणाची व नित्याचें गिऱ्हाईक कोठलें, हें लिहावें.