भंगारातली भिंगरी

आठवडाभर मॉनिटरपुढे बसून रविवारी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेणारा माणूस वेडा, असं आमच्या ऑफिसातल्या मंडळींचं ठाम मत आहे. पण बॉस, मागच्या दिवाळीत माझाही हेतू एवढाच होता, की एकदाचा माळा रिकामा व्हावा. तीन डीव्हीडी ड्राइव्ह, एक बंद पडलेला प्रिंटर आणि एक स्कॅनर. भंगारवाल्याने सगळ्यावरून नजर फिरवली आणि १५० रुपये सांगितले.

"अहो, यात मोटर्स आहेत!"

"मग काय साहेब, लोखंडच की!"

हे काही पटलं नाही. जी अजून फिरते, ती लोखंड कशी? माल पुन्हा घरात आला. आईचा चेहरा विचारू नका.

पेटीत दडलंय काय?

एका डीव्हीडी ड्राइव्हमधून साधारण तीन मोटर्स निघतात. ट्रे आत-बाहेर करणारी साधी डीसी, डिस्क गरागरा फिरवणारी ब्रशलेस आणि लेन्स सरकवणारी, बहुतेक वेळा इटुकली स्टेपर. स्कॅनरमध्येही स्टेपर सापडते. ही मोटर मोजून पावलं टाकते. १.८ अंशांची असेल, तर एका फेरीत बरोबर २०० पावलं! म्हणून छोटं प्लॉटर मशीन बनवणारी पोरं तिच्यावर जाम खूश असतात.

ओळखायचा फंडा सोपा. दोनच वायर असतील तर बहुधा डीसी. चार वायरवाली स्टेपर वाटत असेल, तर दोन-दोन वायर एकत्र टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवून पाहा. जी जोडी टेकवल्यावर शाफ्ट जड होतो, ती एका कॉइलची.

'दादा, रोबो गोल फिरतोय!'

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते डिप्लोमाचा एक मुलगा. त्याला रोबोच्या दोन चाकांसाठी दोन मोटर्स हव्या होत्या, गिअर त्याच्याकडे होते. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान म्हटलं की पुणेकर तपकीर गल्लीतच जाणार, तेव्हा भेट तिथेच ठरली. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हमधल्या, दिसायला जुळ्या मोटर्स दिल्या आणि ६० रुपये घेतले. कॉलर एकदम ताठ!

रात्री अकराला फोन. "दादा, रोबो सरळ जातच नाहीये, नुसता गोल फिरतोय. उद्या सबमिशन आहे."

घरी तशाच उरलेल्या मोटर्स एका सेलवर लावून पाहिल्या, तेव्हा माझा घोळ कळला. बाहेरून सारख्या, आतून वेगळ्या. एक सुसाट, दुसरी गोगलगाय. सकाळी सातला एकाच चालीची जोडी शोधून त्याच्या हॉस्टेलवर पोचलो. पैसेही परत केले. भंगारवाल्याने तरी लोखंड म्हणूनच भाव केला होता. मी न तपासता 'मोटर' म्हणून विकली होती. दोघांत चूक कोणाची मोठी?

चिठ्ठी लावा, मग विका

आता एकही मोटर तपासल्याशिवाय जात नाही. शाफ्ट अडकतो का, आवाज कसा येतो, किती व्होल्टला रिकामी किती करंट घेते, हे मल्टिमीटरने मोजून चिठ्ठीवर लिहितो. कुठल्या यंत्रातून काढली, तेही. डीसी जोडीनेच विकतो. नापास झालेल्या वेगळ्या डब्यात, त्या खरोखरच भंगार.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मायक्रोवेव्ह आणि जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा दाब राहू शकतो. आणि घरचा पसारा खोलणं वेगळं, लोकांचा ई-कचरा विकत घेऊन धंदा मांडणं वेगळं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनुसार रिसायकलर आणि रिफर्बिशर यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. उरलेले सर्किट बोर्डही अशा नोंदणीकृत ठिकाणीच द्या.

कमाई? तीन महिन्यांत १,१४० रुपये. नोकरी सोडण्याइतकी नक्कीच नाही! पण सबमिशनच्या दुपारी त्या मुलाने व्हिडिओ पाठवला होता. फरशीवर चिकटवलेली काळी पट्टी आणि तिच्यावरून नाकासमोर चाललेला रोबो. तो व्हिडिओ मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलाय. काहींना तर दोनदा.