मलबार हिलवरची मागदा

मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास सांगताना तीन परदेशी नावं हटकून येतात. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहिणारे रूडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. पंढरपुरात जन्मलेले हुसेन, तसंच रझा आणि आरा या चित्रकारांना या तिघांनी हात दिला. ते श्रेय त्यांचंच. पण लँगहॅमर यांच्याही आधी मुंबईत आलेल्या आणि अखेरपर्यंत इथेच रंगवत राहिलेल्या मागदा नाखमान या यादीतून गळून पडल्या आहेत.

मागदाबाई १८८९ च्या, सेंट पीटर्सबर्गच्या. वडील ज्यू, आई लुथरन. झ्वांत्सेवा कलाशाळेत त्यांना शिकवायला लिऑन बाक्स्ट आणि पुढे पेत्रोव-वोद्किन होते. चित्रकार मार्क शगालही याच शाळेत शिकले. १९१३ मध्ये मागदाबाईंनी विशीतल्या मारीना त्स्वेतायेवाचं व्यक्तिचित्र केलं. या थोर रशियन कवयित्रीला प्रत्यक्ष पाहून रंगवलेलं ते एकमेव चित्र मानलं जातं. क्रांतीनंतरच्या उपासमारीत त्या खेड्यात गेल्या आणि तिथल्या नाटकमंडळींसाठी काम करू लागल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मुंबईतही त्या अशाच माणसांत मिसळल्या.

मॉस्कोत त्यांनी एम. पी. टी. आचार्य यांच्याशी लग्न केलं. आचार्य मूळचे मद्रासचे. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांचे सहकारी, १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापणाऱ्यांपैकी एक आणि पुढे त्या पक्षाशीही न पटल्याने अराज्यवादी झालेले. १९२२ मध्ये दोघं बर्लिनला गेले. तिथे मागदाबाईंच्या १९२८ च्या प्रदर्शनावर तरुण लेखक व्लादिमिर नाबोकोव यांनी लिहिलं आणि १९३३ मध्ये मागदाबाईंनी नाबोकोव यांचं चित्र काढलं. ते आता हरवलं आहे. हिटलर आल्यावर ज्यू वडिलांची मुलगी आणि भारतीय क्रांतिकारकाची बायको बर्लिनमध्ये टिकणं शक्यच नव्हतं. १९३६ च्या सुमारास त्या मुंबईत आल्या.

आपल्याकडे जेऊरच्या आसपास उजनी धरणाच्या पाण्याखाली गाव गेलेली माणसं आहेत. नव्या जागी घर उभं राहतं, पण लोकांत आपली जागा व्हायला वर्षं जातात, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मागदाबाईंनी ती जागा बर्लिनमध्ये एकदा केली, ती मोडली, आणि पंचेचाळिशी गाठल्यावर मुंबईत पुन्हा केली.

मलबार हिलवर त्यांचं बिऱ्हाड होतं, पण त्यावरून श्रीमंतीचा अंदाज बांधू नये. आचार्य लेख लिहीत. त्यातून फारसं काही मिळत नसे. घर चालायचं ते मागदाबाईंच्या कुंचल्यावर, लोकांनी सांगितलेल्या व्यक्तिचित्रांवर. त्याबरोबरच त्या रस्त्यावरची माणसं, कष्टकरी बाया, मुलं रंगवत राहिल्या. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांत त्यांची चित्रं लागत.

नर्तकांच्या जगात तर त्या घरच्यासारख्याच वावरल्या. १९३९ मध्ये व्हिएन्नाहून जीव वाचवून आलेल्या हिल्डे होल्गर यांनी मुंबईत नृत्यशाळा काढली, तेव्हा त्यांच्या कार्यक्रमांसाठी पोशाख आणि देखाव्यांची आखणी मागदाबाई करत. नर्तकांची रेखाटनंही त्यांनी भरपूर केली. पारशी, हिंदू, युरोपीय ज्यू अशी सगळी मंडळी तिथे एकत्र नाचत होती. नाटकाच्या पडद्यामागे उभं राहून चार लोकांच्या कामाला रंग देण्याची रशियन खेड्यातली सवय त्यांना इथे कामी आली. अशा कामाची नोंद कलेच्या इतिहासात सहसा होत नाही, कारण पोशाख विरतात, पडदे फाटतात, आणि मागे उरतात त्या फक्त भिंतीवरच्या चौकटी. मागदाबाई विसरल्या गेल्या त्याचं एक मोठं कारण हेच असावं.

१२ फेब्रुवारी १९५१ रोजी मुंबईत त्यांचं प्रदर्शन उघडणार होतं. उद्घाटनाला काही तास उरले असताना त्या गेल्या. प्रदर्शन तरीही भरलं. फॉन लायडन यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. आचार्य त्यांच्या मागे हलाखीत जगले आणि मार्च १९५४ मध्ये मुंबईतच वारले.

त्यानंतर चित्रं पांगली. काही होल्गर यांच्या कुटुंबाकडे इंग्लंडला पोहोचली, काही मुंबईच्या खाजगी घरांत राहिली. लीना बर्नस्टाइन या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी रशिया, जर्मनी आणि भारतातले धागे जुळवून २०२० मध्ये त्यांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं. मुंबईत पंधराएक वर्षं राबलेल्या चित्रकर्तीच्या चरित्राचं काम आपल्या हातून व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. निदान आता मुंबईतल्या एखाद्या संग्रहालयाने तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवावं. आणि वाचकहो, तुमच्या नात्यात जुनं मुंबईकर घर असेल, तिथे चाळीसच्या दशकातलं आजोबा-आजीचं रंगवलेलं चित्र टांगलेलं असेल, तर त्यावरची सही एकदा नीट वाचा.