लोकरी मावा कोणत्या वाटेने आला, पुढची कीड कोणत्या वाटेने येईल?



उसाच्या पानाच्या खालच्या बाजूस कापूस चिकटवावा तसा पांढरा थर, त्याखालच्या पानांवर चिकट गोड रस आणि त्या रसावर वाढलेली काळी बुरशी. २००२ सालच्या जुलैत सांगली जिल्ह्यात हे प्रथम दिसले, तेव्हा पुष्कळांना हा नवा रोगच वाटला. पण तो रोग नव्हता, कीड होती. लोकरी मावा हा मूळचा पूर्व आशियातला. आपल्या देशात त्याची नोंद १९५८ साली पश्चिम बंगालमध्ये झाली होती आणि ईशान्य भारतातही तो ठाऊक होता. आपल्याकडे आला आणि बघता बघता कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे व पलीकडे बेळगावपर्यंत पसरला.

इतका वेग आला कुठून? एक तर या किडीत मादीला नराची गरज लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिले देते. एका पानावर गर्दी झाली की पंखवाले मावे तयार होतात आणि वारा त्यांना शेजारच्या फडात नेऊन टाकतो. ही झाली निसर्गाची वाट. दुसरी वाट आपली. नदीकाठी तोड चालू झाली की वाढ्यांच्या मोळ्या जनावरांसाठी लांबच्या गावी जातात. बेण्याबरोबर पाला जातो. गाडीला, ट्रॅक्टरला, तोडणीवाल्यांच्या कपड्यांना मावा चिकटतो. वाऱ्याला आपण अडवू शकत नाही, मोळीला अडवू शकतो.

आता आपला मुलूख बघा. पश्चिमेला पाटण, शिराळा हा डोंगराचा, मोठ्या पावसाचा भाग. मधे कराड, वाळवा, पलूस, मिरज ही कृष्णाकाठची काळी जमीन; इथे ऊस बांधाला बांध लागून. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी टापू. माव्याला ढगाळ, दमट हवा आणि दाट पाला मानवतो, कडक उन्हात तो कमी होतो. म्हणून कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात त्याने जोर धरला. पूर्वेकडे ऊस विहिरीपुरता, तुकड्यातुकड्याने होता. मधले मोकळे माळ हा किडीला एक बांधच होता.

तो बांध आता राहिलेला नाही. २००२ साली ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांची कामे अपुरी होती. आज त्यांचे पाणी खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जतच्या भागांत पोचले आहे आणि पाण्यामागे ऊस गेला आहे. पाणी आले हे फार चांगले झाले. त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. पण जिथे कालव्याने पाणी जाते, तिथे हिरव्या पिकाच्या वाटेने कीडही जाते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

याची चुणूक २०१८ साली दिसली. अमेरिकन लष्करी अळी मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. सांगली जिल्ह्यात तर ती उसावरही आढळली. हिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. मका तर आज दुष्काळी भागातही चाऱ्यासाठी दारोदार आहे. म्हणजे तिला मुक्कामाची ठिकाणे आपणच करून ठेवलेली!

लोकरी मावा पुढे आटोक्यात आला तो मुख्यतः मित्रकिडींमुळे. डिफा, जिला आपण कोनोबाथ्रा म्हणत होतो, तिची अळी आणि मायक्रोमस यांनी मावा खाऊन फस्त केला. या मित्रकिडी माव्यामागून येतात, म्हणून थोडा दम धरावा लागतो. घाईने जहाल औषध मारले की आधी त्या मरतात. शिवाय पुरुषभर उंचीच्या उसात पानाखाली औषध पोचवणार कसे?

तेव्हा सभासदांनी एवढे करावे:

१. वाढे विकताना वा आणताना चार पाने उलटी करून बघावीत. पांढरा थर दिसला तर ती मोळी गावाबाहेर जाऊ देऊ नये.

२. बेणे निरोगी मळ्यातलेच घ्यावे, पाला काढून आणावे आणि बेणेप्रक्रिया करूनच लागण करावी.

३. युरियाचा मारा टाळावा. मऊ, गर्द पाल्यावर मावा जोमाने वाढतो. पट्टा पद्धतीने लागण केल्यास हवा खेळती राहते व पाहणीही सोपी होते.

४. पावसाळ्यात ढगाळ हवा पडली की दर आठवड्याला फडात आत शिरून बघावे. नुसते बांधावरून बघून चालत नाही.

५. माव्याच्या पानावर डिफाच्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नये. अशी पाने कापून जास्त माव्याच्या जागी नेऊन बांधावीत.

६. ओळखू न येणारी कीड दिसली की त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे. पान किंवा अळी बंद डबीत आणावी, उघडी आणू नये.

एकट्याने फड स्वच्छ ठेवला आणि शेजाऱ्याने दुर्लक्ष केले तर कष्ट वाया जातात. नवी कीड पहिल्या दहा गुंठ्यांत असते तेव्हाच ती आवरते. त्या दहा गुंठ्यांचा मालक कोण असेल ते आज सांगता येत नाही. म्हणून डोळे प्रत्येकाने उघडे ठेवावेत, ही विनंती.