‘बघू, कळवतो’चा ताण

लालबाग-परळच्या गिरण्यांमधला संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, आणि गंमत म्हणजे तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला नाही! अडीच लाखांच्या आसपास कामगार. नोकरी गेली का, भोंगा पुन्हा वाजणार का, कोणी नीट सांगेना.

आता २०१६चा लंडनमधला प्रयोग ऐका. स्क्रीनवरच्या दगडाखाली साप निघाला की हाताला शॉक. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. शॉक नक्की बसणार तेव्हा नाही, पन्नास-पन्नास शक्यता असताना ताण सगळ्यात जास्त! मेंदू दोन्हींची तयारी करत बसतो, आमच्या कोडमधल्या न संपणाऱ्या लूपसारखा.

म्हणून एचआर ‘बघू’ म्हणाला की तारीख विचारा. नकार आला तर पुढचा अर्ज तरी टाकता येतो.